सहा हत्ती आणि एक पिल्लू

अप्पा,

परवा एका दुकानात मला विचारण्यात आलं की हे पेन तुमच्या वडिलांनी बनवलं याला पुरावा काय, आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही सांगायला बसले नाही आणि आताही रडगाणं गाणार नाही. झालं ते क्रमानं सांगते.

धाकटीच्या मुलीनं माझ्या फोनवर एक जाहिरात पाठवली. काळं कुळकुळीत पेन, सोन्याची नीब, मधोमध चांदीत कोरलेली हत्तींची रांग, आणि ते पेन पडद्यावर स्वतःभोवती सावकाश फिरत होतं. खाली लिहिलेलं की अंबरनाथच्या प्राचीन मंदिराच्या शिल्पकलेवरून घडवलेलं, संग्राहकांसाठी, मोजकेच नग. पोरीनं वर लिहिलं होतं, ‘मावशी, आपल्या गावचं देऊळ, भारी ना?’ मी चष्मा लावला आणि हत्ती मोजले. सहा मोठे निघाले, सातवं पिल्लू. पुन्हा फिरू दिलं, पुन्हा मोजले. देवळाच्या भिंतीवर त्या रांगेत पिल्लू नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती रांग तुम्ही माझ्याकडून मोजून घेतली होती.

रविवारी सकाळी तुम्ही मला बुवापाड्याच्या घरून चालवत देवळाकडे नेत होता. आई कुरकुरायची. म्हणायची, आपण सोडलं ना ते देवदेवतांचं सगळं, मग दर रविवारी तिकडे काय काम आहे? तुम्ही चपला घालता घालता म्हणायचात, ‘आत कोण बसलाय ते बघायला जात नाही मी. बाहेर कोणाचा हात चाललाय ते बघायला जातो.’ आणि खरंच तुम्ही कधी आत गेला नाहीत. भिंतीच्या खालच्या थराशी उकिडवे बसायचात, खिशातून दोरा काढायचात, एका हत्तीची लांबी दोऱ्यावर धरून गाठ मारायचात, मग उंची, मग सोंड. वही माझ्या हातात. देवळात येणारी माणसं आपल्याकडे बघत जातात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी विचारते, कोणी केले हे हत्ती? तुम्ही म्हणता, ‘नाव नाही लिहिलेलं. पण डावरा असणार. बघ, घाव कुठून येतात ते.’

तुम्ही कामाला होता तो कॅम्प एकमधला पेनांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली होती, चार लेथ, आणि जमिनीवर काळा भुसा. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर, ते लेथवर चढलं की गंधकाचा वास सुटायचा. तो वास तुमच्या सदऱ्याला, केसांना, सायकलच्या सीटलासुद्धा. आई तुमचे कपडे वेगळे भिजवायची. तुम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या नावाची पेनं घडवत होता आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःचं एक. ते पेन कसं चाललंय ते मला जेवताना सांगायचात, जणू मीच गिऱ्हाईक होते. हत्तींची रांग तुम्ही बरोबर सांध्यावर घेतली होती. पाठी आणि डोकी टोपणावर, पाय खालच्या नळीवर. टोपण काढलं की हत्ती अर्धे व्हायचे, लावलं की पुरे. पण बाकीच्या पेनांना तीन आटे शेजारी शेजारी असतात, टोपण दीड फेऱ्यात बसतं आणि तीनपैकी कुठल्याही जागी बसतं. मग एका हत्तीच्या पोटाखाली दुसऱ्याचेच पाय यायचे. म्हणून तुम्ही एकच आटा पाडलात. टोपणाला नऊ फेरे लागायचे, पण दरवेळी ते एकाच जागी येऊन थांबायचं. डोळे मिटून सांध्यावरून अंगठा फिरवायचात. अंगठ्याला रेघ लागली की पुन्हा घासायला घ्यायचात.

आणि घासता घासताच ती चूक झाली. सात हत्तींची जागा तुम्ही आखली ती शेवटच्या घासणीआधी. घासल्यावर पेन केसभर बारीक झालं, घेर कमी भरला, सातव्या हत्तीला जागाच उरली नाही. दोन दिवस तुम्ही ते पेन नुसतं खिशात घेऊन फिरलात. मग त्या चिंचोळ्या जागेत पिल्लू कोरलंत, पुढच्याची शेपूट सोंडेत धरलेलं. शेठना दाखवायला नेलंत. शेठ टोपण फिरवत राहिले, फिरवत राहिले, आणि आपल्या सिंधी ढंगात म्हणाले, ‘वडी, तुझे हाथी बेचना है या पेन? ग्राहक खोलेगा तब तक तो लिखने का भूल जाएगा.’ सगळी खोली हसली. तुम्हीसुद्धा हसलात म्हणे. पेन शेठच्या खणात गेलं.

माझं नाव अकरावीला कॉलेजात घातलं त्या महिन्यात तुम्ही दुसरं बनवलंत. या वेळी आखणी घासल्यानंतर केलीत, सात पुरे हत्ती आरामात बसले असते. तरी पिल्लू ठेवलंत. मी विचारलं तर म्हणालात, आता ते रांगेतलं झालं, त्याला काढायचं कसं?

तर परवा मी ते पेन रुमालात गुंडाळलं आणि खरवईहून, मी आता राहते तिथून, रिक्षा करून कॅम्प एकला गेले. कारखान्याच्या जागी आता काचेचं दुकान आहे, आत गारवा आणि पिवळे दिवे. शेठचा नातू बसतो. चाळिशीचा असेल. माणूस वाईट नाही, हे आधी लिहून ठेवते. उठून उभा राहिला, ‘आंटी, बसा ना, पाणी घ्या’ म्हणाला, मग पेनाबरोबर देतात ती गुळगुळीत पुस्तिका माझ्यापुढे ठेवली. तिच्यात लिहिलंय की आजोबा दर आठवड्याला मंदिरात जात, तिथल्या शिल्पांवरून त्यांना ही कल्पना सुचली, आणि पिल्लू म्हणजे पुढच्या पिढीकडे जाणारी परंपरा. मी म्हटलं, परंपरा कसली, रबर जास्त घासलं गेलं म्हणून ते पिल्लू आहे. तो मोकळेपणी हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

मग त्यानं मखमलीच्या डबीतून तुमचं पहिलं पेन काढलं. आजोबांच्या खणात सापडलं म्हणे. टोपण नाही, हरवलंय. म्हणजे अप्पा, त्यांच्याकडे फक्त पाय होते. अठ्ठावीस पाय, त्यातले चार लहान. त्यावरून त्यांच्या चित्रकारांनी देवळाचे फोटो बघून वरची अंगं बसवली. म्हणून त्यांचं पिल्लू सोंड खाली सोडून नुसतं चालतं. मी रुमाल सोडून तुमचं दुसरं पेन काचेवर ठेवलं. त्यानं टोपण काढलं, फेरे मोजले असावेत, पुन्हा लावलं, आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. कोणी शिकवल्याशिवाय. मग पुन्हा एकदा फिरवला. मला वाटलं, झालं काम.

त्यानं मानलं की पेन त्यांच्याच कारखान्यात झालं. पण कुणी केलं हे कसं ठरवणार? आजोबांनीच करून घेतलं असेल, कामगाराला भेट दिलं असेल. तो उद्धटपणे बोलत नव्हता. हिंदी मराठी मिसळून अगदी आदरानं विचारत होता, ‘काही लिहिलेलं आहे का आंटी? हजेरीपट, पगाराची चिठ्ठी, फोटो? मी छापलं आणि उद्या दुसऱ्या कोणाचे घरवाले आले, तर मी काय सांगू?’ हजेरीपटावर तुमचं नाव कधी नव्हतं. मापांची वही आई गेल्यावर खोली रिकामी करताना मीच रद्दीत घातली. आणि माझी अख्खी नोकरी दाखल्यांच्या खिडकीत गेली; सुरुवातीची वर्षं तुम्ही पाहिलीत. अंगठाछाप बायका, तान्ही पोरं कडेवर घेतलेली माणसं, सगळ्यांना मी हेच सांगत आले, तोंडी चालणार नाही, कागद आणा. कडक म्हणून माझा लौकिक होता. त्यामुळे तो काय म्हणतोय ते मला पहिल्या वाक्यातच कळलं. त्याच्या जागी मी असते तर पाणीसुद्धा विचारलं नसतं.

तरी त्यानं एक वाट ठेवली. म्हणाला, ‘कागद नसेल तर साक्षीदार चालेल. तुम्ही कॉलेजात हे वापरलं ना? तेव्हा कोणाला बोलला असाल, की पप्पांनी बनवलंय? मैत्रीण, टीचर, कोणी पण. ते एक लेटर देतील तर मी पुढच्या छपाईत नाव टाकतो. प्रॉमिस.’

हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. कॉलेज सुरू होऊन महिना झाला असेल. इतिहासाच्या बाई रांगेतून फिरत होत्या, माझ्या बाकाशी थांबल्या, पेन उचललं. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. सगळा वर्ग बघत होता. बाईंनी विचारलं, ‘अगं, हे अंबरनाथच्या देवळाचे हत्ती. कोणी केलं हे?’ माझ्या शेजारी बसणारीचे वडील डॉक्टर होते. त्या दिवशी सकाळीच तिनं नाक मुरडून विचारलं होतं की इथे जळक्या रबराचा वास कुठून येतो. मी बाईंना म्हटलं, ‘विकत आणलंय. दुकानातून.’ बाईंनी दुकान विचारलं. मी फोर्टमधलं म्हणून सांगितलं. त्यांनी पेन परत दिलं आणि फळ्याकडे गेल्या.

तुम्ही रोज विचारत नव्हता. त्याच संध्याकाळी नेमकं विचारलंत. ताटावर बसला होता, भाकरी मोडता मोडता, माझ्याकडे न बघता. ‘कोणी बघितलं का गं पेन?’ मी म्हटलं, ‘नाही. कोणाला वेळ आहे.’ तुम्ही ‘बरोबर आहे’ म्हणालात आणि जेवत राहिलात. आईनं आमटी वाढली.

साक्षीदार एकच होता, अप्पा, आणि तो मीच फोर्टला पाठवला.

मी त्या माणसाला म्हटलं, नाही, कोणाला सांगितलेलं नाही. तो खरोखर हळहळला. मग म्हणाला की नावाचं राहू दे, पण हे पेन त्यानं काचेत ठेवलं तर चालेल का, कारण पुरं पेन जगात हे एकच आहे. आणि पुढच्या नगांत पिल्लाची सोंड तो दुरुस्त करून घेईल, शेपूट धरलेली. पुस्तिकेत ‘स्थानिक कारागीर’ एवढे दोन शब्द घालता येतील, त्यात कोणाला हरकत घेता येणार नाही. नाही म्हणायला माझ्याकडे काय होतं? उठून घरी आणलं असतं. कपाटाच्या खणात रेशनकार्डाखाली पडलं असतं. माझ्यामागे धाकटीची पोर खण उपसेल तेव्हा नऊ फेरे फिरवायला ती थांबणार नाही, दुसऱ्याच फेऱ्यात कंटाळेल. इथे निदान पिल्लाची सोंड जागेवर येईल. मी लोकांची अख्खी आयुष्यं एका सहीसाठी अडवली, आणि तिथे गारव्यात बसून स्वतःचं मात्र दोन शब्दांवर सोडलं. मी हो म्हटलं.

पावती मात्र मीच लिहिली, मराठीत, दोन प्रतींत, त्याच्या टेबलावरच्या बॉलपेननं. बनवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव घातलं, वडिलांच्या नावासह, आडनावासह. त्यानं लगेच सही केली. म्हणाला, मराठी वाचायला मला टाइम लागतो आंटी, तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असणार. न वाचता सही करणाऱ्याला मी तीस वर्षं खिडकीवरून परत पाठवत आले. त्याला पाठवलं नाही. कागद उचलला, घडी केली, पर्समध्ये टाकला. कुठेच चालणार नाही असला कागद आहे, हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

हे पत्र टाकायला पत्ता नाही. पावतीची माझी प्रत आहे तिच्याबरोबर ठेवते. पावतीत जे लिहिलं ते असं, इथे फक्त नावांऐवजी नाती:

सोपवलेली वस्तू: शाईपेन एक, टोपणासह. काळं एबोनाइट, हातानं घडवलेलं.
नक्षी: सहा हत्ती, एक पिल्लू.
आटा: एक. फेरे नऊ.
बनवणारे: माझे वडील.
देणार: मुलगी.
अवस्था: उत्तम. ओरखडा नाही, नीब झिजलेली नाही.
वापर: कॉलेजचं पहिलं वर्ष, पहिला महिना.