शंभर घरांची जागा

१० नोव्हेंबर, सोमवार

हे बघ वही, तू मला शिकवू नकोस! रोज लिहीन म्हटलं होतं, नाही लिहिलं. झालं? आज कारण आहे म्हणून उघडलीय तुला.

आईचा फोन आला होता. 'निके, भागूबाईच्या दुधात पानी सापडलं म्हनं. सलग पाच दिस. लिस्टीत आलंय.'

भागूबाई! गावच्या डेरीची पहिली सभासद. कार्ड नंबर एक. काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालते ते कार्ड. रविवारी मीटिंग आहे, तिचा नंबर काढून घेणार. चाळीस वर्षांत तिच्या किटलीकडे कुणी वाकडं बघितलं नाही.

'तुमचं मशीन लई हुशार निघालं गं,' आई म्हणाली. तुमचं म्हणजे आमच्या सुप्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीचं, दूध तपासायचं. आतला प्रोग्राम माझा. मी नुसतं हं म्हटलं. मग विषय बदलला — तूप मिळालं, गाय कशी आहे वगैरे. आईही हल्ली डेरीला घालते. एकच गाय, सकाळीच. तुपाची ही तिसरी बरणी. खोलीवरच्या खिचडीत मी ते पळीनं ओतते.

११ नोव्हेंबर

भागूबाई म्हणते, 'सांच्याला मशीनवर आकडा बरूबर हुता. सकाळच्या लिस्टीत कुनी बदलला?' डेरीवर सगळे हसले म्हणे. सेक्रेटरी कानिफनाथ म्हणाला, 'मावशे, मशीनची अन् तुझी काय भाऊबंदकी हाय का?'

मला हसू आलं नाही. संध्याकाळी बरोबर, सकाळी चूक — म्हणजे मधल्या वेळात त्या जागेवर कुणीतरी दुसरं काही लिहिलं.

१२ नोव्हेंबर

कोड उघडला. सापडलं. दहा मिनिटांत!

असेंब्ली भाषेत प्रोग्राम लिहिताना जागा आपोआप मिळत नाही, आपणच आखायची. प्लॉट पाडतात तशी. एका सभासदाचं एक घर, घराला चार बाइट — दोन फॅटचे, दोन पाण्याचे. शंभर घरं, चारशे बाइट. हा सकाळचा तक्ता. त्याला चिकटून लगेच संध्याकाळचा, तेवढाच. मधे बोळसुद्धा ठेवला नाही मी.

आता एकशे एक नंबरवाल्यानं सकाळी दूध घातलं, तर आकडा कुठे जाणार? पुढच्या घरात. म्हणजे संध्याकाळच्या पहिल्या घरात. म्हणजे भागूबाईच्या! तिचा आदल्या संध्याकाळचा आकडा पुसला जातो आणि दुसऱ्याचं पाणी तिच्या नावावर छापलं जातं. लिस्ट शंभरावर थांबते, त्यामुळे खरा पाणीवाला दिसतच नाही.

शंभरच्या वर सभासद होतील हे मला सुचलंच नाही.

खोटं. सुचलं होतं. कंपनीतले आमचे सुनील सर म्हणाले होते, 'नंबर शंभरच्या वर गेला तर अडव. चार ओळींचं काम आहे.' लिहिल्या होत्या मी त्या चार ओळी. मग काढल्या. का? पान चांगलं दिसत नव्हतं! लय तुटत होती! माझ्या गोष्टींतून क्रियापदं काढते तशा काढून टाकल्या. कॉलेजच्या अंकात मला 'प्रयोगशील' म्हणाले होते ना. घ्या प्रयोग.

हा एकशे एक कोण, विचारायला हवं. नको. नंबर पुरे.

१३ नोव्हेंबर

सरांच्या टेबलापाशी गेले. 'सर, एक—' 'काय गं?' 'चहा घेणार का?'

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं एकदाचं. सर ओरडले नाहीत. 'जागा वाढव, त्या चार ओळी परत घाल, रविवारी जाऊन चिप बदलून ये. आणि त्या बाईंना तू सांगायचं. मी नाही.' ओरडले असते तर बरं झालं असतं.

चिप तयार आहे. डेरीवर काय बोलायचं ते लिहून काढलं. तीन मसुदे झाले! तिसऱ्यात भागूबाई माझा हात हातात घेते. वाचलं आणि शिसारी आली स्वतःची. फाडला.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या एसटीनं गेले. घरी न जाता थेट डेरीवर. दूध घालायला माणसं जमलेली. भागूबाई उलट्या क्रेटवर बसलेली, किटली मांडीवर. 'निके, तू बी आली व्हय बघायला?'

मी उभ्या उभ्याच बोलले. मशीन चुकलं नाही, मी चुकले. भागूबाईंचं दूध चोख आहे. सर म्हणाले होते, मी ऐकलं नाही. सगळं सांगितलं. क्रियापदं घालून.

कानिफनाथ म्हणाला, 'आरं पन पानी तर हुतंच की! मंग ते कुनाचं?'

आणि मी — शहाणी! — मागच्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं: 'एकशे एक नंबरचं.'

भागूबाईनं मान खाली घातली. मला वाटलं, हायसं वाटलं तिला. मग दिसलं की सगळे माझ्या पाठीमागे बघतायत.

रांगेत आई होती. हातात स्टीलची किटली, किटलीच्या कडीला अडकवलेलं कोरं करकरीत कार्ड. या महिन्यात मिळालेलं. नंबर मी कधी विचारलाच नव्हता.

भागूबाई उठली. 'जाऊ द्या रं,' म्हणाली. 'माझं नाव निघालं, बास झालं.' आईपाशी गेली, तिच्या हातातली किटली धरली.

मी चिप बसवली. आईकडे न बघता स्टँडवर आले.

१७ नोव्हेंबर

सकाळी आईचा आवाज आला मोबाईलवर. रेकॉर्ड केलेला. 'निके, जेवली का काल? तुझ्या तुपाला साय काढली की किटली उनी भरायची गं. म्हनून तांब्याभर पानी घालत हुते. चुकलं माझं. तूप सरलं असंल तर बरनी धाड.'

बरणी रिकामी आहे. शनिवारी बोटानं पुसून खाल्ली.

पिशवीत घातलीय. आणि वही, तू आता एक अक्षर बोलू नकोस. मिटतेय तुला. गावची एसटी लागलीय.