पाचशे बोअरची काडतुसं

करंजटोला, जि. चांदा
९ फेब्रुवारी १९५८

ती. आबांस दमयंतीचा सा. नमस्कार. वि. वि.

तुमची लेक आणि जावई दोघं धडधाकट आहेत, हे आधी वाचा आणि मगच पुढचं वाचा.

इथल्या वाघानं गेल्या महिन्यात तिसरं माणूस नेलं. सगुणा नावाची बाई, सरपणाला गेली होती. वरून हुकूम आला आणि रेंजर म्हणून ह्यांनाच जावं लागलं. परवा दिवस मावळायच्या आधी वाघ माचाणासमोर आला, वीस पावलांवर. ह्यांनी पहिल्या नळीचा चाप ओढला, नुसतं टक् झालं. दुसऱ्या नळीचा ओढला, तेच. वाघानं वर पाहिलं आणि थेट माचाणाच्या खांबावर झेप घेतली. पलीकडच्या झाडावर हिरामण गार्ड होता, त्यानं बंदुकीचा बार काढला म्हणून वाघ पळाला. ह्यांच्या पोटरीला पंजा लागलाय, पण जखम भरत आहे.

काडतुसं तुम्ही भरून दिलेलीच होती. विलायतेला निघालेल्या साहेबाकडून ही पाचशे बोअरची दुनळी रायफल घेतली तेव्हा तुम्ही भेट दिलेली, तीच सहा. हे म्हणतात की काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोप्या जुन्या निघाल्या असतील, आबांचा काय दोष. विलायती काडतुसं आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. तुमची काडतुसं भरायची हत्यारं घेऊन आठ दिवस याल का? महिन्याभरात मोहाची फुलं गळायला लागतील. बायका जंगलात गेल्या नाहीत तर ह्या लोकांचं अर्धं वर्ष उपाशी जाईल.

लोभ आहे तसाच ठेवा.
तुमची,
दमयंती


रबाळे, ता. ठाणे
१७ फेब्रुवारी १९५८

चि. दमयंतीस आबाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी वाचलं, मग शेजारीण पुतळा हिच्याकडून वाचून घेतलं. वाटलं, माझ्याच वाचण्यात चूक झाली.

टोप्या जुन्या नव्हत्या, पोरी. नवा डबा फोडला होता. चूक माझी हाय. बंदुकांचं दुकान सोडायच्या आधी वर्षभर माझा उजवा हात कापत होता. मालकाला सांगितलं नाही, तुलाही नाही. टोपी चिमट्यातून सारखी निसटायची, म्हणून बोटांनी बसवली. बोटांना तेल होतं. तेल लागलेली टोपी मरते, हे तू दहा वर्षांची होतीस तेव्हा मीच तुला शिकवलं. मुंबईला फोर्टातल्या त्या दुकानात काडतुसं भरत पस्तीस वर्षं काढली, पण कुणी काडतूस परत आणलं नाही. परत आलं ते जावयाचं.

मी येऊन काय करू? चहा बशीत ओततो तर निम्मा खाली जातो. दुपारचा मिठागराच्या बांधावर जाऊन बसतो, घरात करमत नाही. नागपूरचा कुणी कारागीर बघा. उरलेली चार काडतुसं खोल पाण्यात टाका. जावयांना, बाळारामरावांना, यातलं काही कळू देऊ नको. माझी तेवढी लाज राख.

माया कमी करू नको.
आबा


करंजटोला
२६ फेब्रुवारी १९५८

ती. आबांस दमयंतीचा सा. न. वि. वि.

मी तुमचं ऐकलं नाही. पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ज्याच्या पोटरीवर पंजा बसला त्याच्यापासून कसं लपवू? हे उठून अंगणात गेले. मला वाटलं, आता तुमच्याबद्दल काहीतरी वाईट बोलतील. आत आले आणि विचारलं, की तुला हे काम कितपत येतं? मी सांगितलं, की आईनं बंद करेपर्यंत चार वर्षं आबांच्या हाताखाली केलंय, आणि माझा हात कापत नाही. हे म्हणाले, मग मी दुसऱ्या कुणाचं काडतूस घेऊन जाणार नाही.

कलेक्टर कचेरीतून परवाना आला. बंदुकीची दारू आणि टोप्या नागपूरच्या परवानेवाल्या दुकानातून येताहेत. साहेबानं उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्या रायफलीबरोबर आल्या होत्या, त्या मी घासून ठेवल्यात. तुमची पेटी पाठवा. साचे, सोनाराचा काटा आणि वजनं लिहिलेली वही, सगळं हवं. नाही म्हणाल तर मी स्वतः रबाळ्याला येऊन घेऊन जाईन, आणि तुम्हाला खाडीतल्या जिताड्याचं कालवण करावं लागेल!

लोभ असावा. राग आला असेल तर तोही कळवावा.
दमयंती


रबाळे
५ मार्च १९५८

चि. दमयंतीस आशीर्वाद.

राग आला होता, एक दिवस. मग पेटी उघडून साचे पुसायला बसलो. चांगदेव स्वतः पेटी घेऊन गाडीनं निघतोय. तुझा चुलतभाऊ असला तरी विसराळू हाय, उतरवून घ्यायला माणूस पाठव.

हात राखेनं धू आणि कोरडे कर. चुलीपासून लांब, दिवसा उजेडी बस. वहीतल्या वजनात आपली अक्कल घालू नको. एका वेळी एकच काडतूस भर. मन भरकटलं तर उठून जा. आणखी एक, जे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आपल्या माणसासाठी भरताना हात जड होतो. परक्या गिऱ्हाइकाचं भरते असं समज.

पहिली दोन निशाणावर उडवून बघा. रायफल खुंट्याला बांधा आणि चापाला लांब दोरी लावा, माणूस जवळ नको.

आबा


करंजटोला
२३ मार्च १९५८

ती. आबांस सा. न. वि. वि.

सहा भरली. परकं गिऱ्हाईक समजायला गेले, पण जमलं नाही. तिसऱ्याला उठले, विहिरीवर जाऊन आले आणि पुन्हा बसले. दोन निशाणावर उडवली, दोन्ही वाजली. उरलेली चार घेऊन हे गुरुवारी गेले. मी दिवसभर तांदूळ निवडत होते, एकच सूप पुन्हा पुन्हा. चार वाजता डोंगराकडून एक बार ऐकू आला. दुसरा आलाच नाही. वाटलं, पुन्हा टक् झालं.

हे पाचाला आले, पायी. म्हणाले की दुसरं लागलंच नाही. वाघ म्हातारा होता, एक सुळा तुटलेला. त्याच्याकडे बघून ह्यांना आनंद झाला नाही, तसा मलाही नाही. पण आज सकाळी गावातल्या चाळीस बायका टोपल्या घेऊन मोहाला गेल्या. सगुणाची सासू सगळ्यांत पुढे होती. त्यांची गाणी इथपर्यंत ऐकू येतात.

आता तुम्ही या. काम म्हणून नको, राहायला या. हे म्हणतात, आबांनी समोर बसून चुका काढाव्यात.

दमयंती


रबाळे
१ एप्रिल १९५८

चि. दमयंतीस व चि. बाळारामरावांस आबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र घेऊन मी फोर्टात गेलो, तीन वर्षांनी. दुकानात जुने मालक होते, त्यांना वाघाचं तेवढं वाचून दाखवलं. माझ्या हाताचं लपवलं होतं तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, की वाघ मारला तो जावई कोण? मी म्हटलं, ते नंतर सांगतो, आधी काडतूस कुणी भरलं ते ऐका.

शनिवारी निघतो. तिकीट काढलंय.
आबा