वाढतं माप आणि जगाचा शेवट

खर्डा, ता. जामखेड
नोव्हेंबर १९७२

ती. मच्छिंद्र दाजींना आसारामचा प्रभूमध्ये सलाम. आक्काला सलाम, चि. शमुवेलला आशीर्वाद.

तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? आक्का निरगुडीचा पाला बांधत असेलच. (माझ्या लहानपणी माझं डोकं दुखलं तरी ती निरगुडीच बांधायची. बहीण आहे म्हणून बोलत नाही.) इकडे सगळं ठीक आहे. पाऊस नाही, विहिरीला पाणी नाही, रेशनवर तो अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळतो आणि त्याची भाकरी तव्यावरून उठायला तयार नसते. एवढं सोडलं तर प्रभूच्या कृपेने काही कमी नाही.

मागच्या महिन्यात मी कळवलं होतं, की जगाचा शेवट जवळ आल्यामुळे आपल्या एस्तेरचं आणि शमुवेलचं नाताळानंतर ठरलेलं लग्न तूर्त थांबवावं. त्यावर तुमचं उत्तर आलं नाही. उलट काष्टीच्या बाजाराहून आलेल्या एका माणसाने सांगितलं, की तुम्ही शमुवेलसाठी श्रीगोंद्याची मुलगी बघायला निघालात. माझा विश्वास बसला नाही. (आमच्या घरात छबूबाईचा बसला. तेव्हापासून ती मला ताट वाढते, पण ते आपटून.) हे ठरलेलं लग्न असं हातचं जाऊ नये, म्हणून सगळा प्रकार पहिल्यापासून सांगतो.

यंदाच्या पावसाळ्यात, म्हणजे पाऊस न पडलेल्या पावसाळ्यात, शिलाई मशीन रिकामं पडलं होतं. मनात म्हटलं, आसाराम, पन्नाशी आली, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतोस, आणि दानीएल संदेष्ट्याला स्वप्नात दिसलेली चार जनावरं कोणती हे तुला धड सांगता येत नाही. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, तो भाग अवघड आहे, आधी शेजाऱ्यावर प्रीती करा. (शिकलेली माणसं अवघड प्रश्न असेच टाळतात.) मग मी स्वतःच अभ्यासाला बसलो. रोज सकाळी एस्तेर वाचायची आणि मी डोळे मिटून समजून घ्यायचो. दाजी, काय सांगू तुम्हाला! सिंह, अस्वल, चित्ता, आणि चौथ्याला तर लोखंडाचे दात. पुढे योहानाला दिसलेले, जगाच्या शेवटाआधी यायचे चार घोडे. तांबडा घोडा लढाईचा, ती गेल्या डिसेंबरात झाली. काळ्या घोड्यावरच्या स्वाराच्या हातात तराजू, म्हणजे धान्य मोजूनमापून मिळायचे दिवस. मी रेशनच्या रांगेत उभा असताना दुकानदाराने तराजू उचलला आणि माझ्या अंगावर शहारे आले. मी मोठ्यांदा म्हणालो, "हाच तो!" दुकानदाराला वाटलं मी त्याला मापात मारणारा म्हणतोय. त्याने मला रांगेच्या शेवटी पाठवलं.

आता विश्वास असेल तर तो कामात दिसायला हवा. म्हणून मी वाढतं माप बंद केलं. तुम्हाला ठाऊक आहे, लेकरांच्या कपड्यात शिंपी चार बोटं कापड आत दुमडून ठेवतो, पोर वाढलं की उसवून लांब करता येतं. पण जगच पुढच्या दिवाळीपर्यंत टिकणार नसेल तर पोराने वाढायचं कुठे? मी यंदाच्या दिवाळीच्या सगळ्या चड्ड्या आणि सदरे अंगाबरोबर शिवले, आणि उरलेलं कापड ज्याचं त्याला घडी घालून परत दिलं. तिथेच घोटाळा झाला. शिंप्याने कापड परत दिल्याचं खर्ड्यात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. काही बायकांनी तर तेवढ्यावरूनच शेवट जवळ आल्याचं मान्य केलं. पण वेशीपाशी मळा असलेले काकासाहेब पोराची चड्डी उलटी करून दुकानात आले. म्हणाले, "आसाराम, तुमचं जग बुडायचं तर बुडू द्या, आमचं अजून चालू हाय. पोरगं लई झपाट्यानं वाढतंय. ही संक्रांतीलाच उसवंल." मी त्यांना बसवून चारही जनावरं समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं, चड्डी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मग त्या चौथ्याला घाला ही." त्या दिवसापासून बरंचसं गिऱ्हाईक जामखेडला जायला लागलं.

तरी मी डगमगलो नाही. एकच अडचण होती, पांढरा घोडा. तांबडा होऊन गेला, काळा चालू आहे, आणि सगळ्यांत पहिला यायचा तो पांढरा मला कुठे दिसलाच नव्हता. दिवाळीनंतर एका दुपारी मी एकाच्या छातीचं माप घेत असताना रस्त्यावर टापा वाजल्या. बघतो तर पांढराशुभ्र घोडा, वर स्वार. मी टेप त्या माणसाच्या छातीवर तशीच सोडून धावलो आणि भर रस्त्यात गुडघे टेकले. घोडा थांबला. वर गहिनीनाथ बसला होता, तो वरातीला घोडा भाड्याने देतो. म्हणाला, "मामा, पाया कशाला पडता? जावयासाठी घोडा ठरवायचा असंल तर तसंच सांगा. यंदा दुष्काळात लग्नंच न्हाईत, घोडं नुसतं बसून खातंय." अर्धी गल्ली बघत होती. (उरलेली अर्धी नंतर आली.)

एस्तेरने मला हात धरून घरात आणलं, धोतराची धूळ झटकली, पाणी दिलं आणि म्हणाली, "आबा, मला सासरी लावून द्यायचं तुमच्या जिवावर आलंय. ते सरळ म्हना की. त्या मुक्या जनावरांवर कशाला ढकलता?" मी तिला शास्त्राधारे सांगितलं, की नोहाच्या दिवसांतही लोक लग्नं करण्यात दंग होते आणि वरून महापूर आला. ती म्हणाली, "व्हय, पन नोहाच्या तिन्ही सुना नावेत हुत्याच की. लग्नं झाली नसती तर त्या आल्या कुठनं?" दाजी, इतके दिवस अभ्यास करूनही त्या तीन सुनांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. मी चष्मा पुसत बसलो. मग ती हळूच म्हणाली, "आन प्रभू यायचाच असंल तर लग्नातच येऊ द्या. काना गावात लग्नाच्या पंगतीला गेलाच हुता की." मी पाळकसाहेबांकडे जाऊन याचं उत्तर मागितलं. ते नुसतेच हसत राहिले.

पोरगी खरं बोलली. ती गेली की घर खायला उठेल. सकाळी वाचणार कोण, आणि मी चुकलो की मला सांगणार कोण? छबूबाई सांगते, पण ती सगळ्याच बाबतीत सांगते. अभ्यास मात्र मी सोडलेला नाही, पुन्हा पहिल्या जनावरापासून सुरुवात केली आहे आणि रोज काहीतरी नवीन सापडतं. भेटीत सविस्तर बोलू.

गुडघा सांभाळावा, आक्काच्या पुढे फार बोलू नये, आणि या मेहुण्यावर राग धरू नये.

तुमचा,
आसाराम

ता. क. श्रीगोंद्याला जाण्याची तसदी घेऊ नये. ती मुलगी चांगलीच असेल. पण लग्नाची सूचना चर्चमध्ये मंडळीपुढे तीन रविवार वाचावी लागते, आणि पहिली मी गेल्या रविवारीच वाचायला लावली, शमुवेलच्या नावासकट. तुमची परवानगी घ्यायची राहिली होती, ती या पत्राने मागतो. कुणाची हरकत असेल तर बोलावं, असं पाळकसाहेब म्हणाले तेव्हा सगळी मंडळी वळून माझ्याकडेच बघायला लागली.

आणखी एक. पंगतीत एक पान जास्तीचं मांडणार आहे. प्रभू त्या दिवशी आलाच तर उपाशी जायला नको. नाही आला तर त्या पानावर मी बसेन, नाहीतरी मुलीच्या बापाला त्या दिवशी जेवायला कुणी विचारत नाही. तुम्ही तेवढं शेजारच्या पानावर बसा. मला रडू आलं तर आमटी तिखट झाली असं लोकांना सांगायला कुणीतरी आपलं माणूस हवं.