उताराला इंजिन लागत नाही

३ मार्च
आज शुभारंभ! लाविनियाचं लग्न सप्टेंबरात. लेकीचं मागणं एकच: पप्पा, चर्चपर्यंत मला तुमच्या लाल स्पायडर गाडीतून न्या. डोळ्यांत पाणीच आलं. गाडी तिच्या पहिल्या कम्युनियनपासून, म्हणजे ती आठ वर्षांची असल्यापासून, ताडपत्रीखाली आहे, पण इंजिन ठणठणीत. असणारच. रोज एक तास काम करायचं ठरवलं. उद्यापासून.

१९ एप्रिल
ताडपत्री काढली. वर आमच्या एर्सिलियाच्या टोमॅटो सॉसच्या बाटल्या! बायकोला स्पोर्ट्स कार म्हणजे फडताळ वाटतं. हलवताना दोन फुटल्या. ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. कमरेत लचक. सक्तीची विश्रांती.

२ जून
चावी फिरवली. कट्ट. बस, एवढंच. बारमधला ग्वाल्तिएरो म्हणाला, उबाल्दो, इंजिन जाम झालंय, आता त्यात कोंबड्या पाळ. हा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, याला स्पायडर काय कळणार! तिथल्या तिथे जाहीर केलं, गाडी चालू झालीये. होईलच की, थोडं आधी सांगितलं इतकंच. सगळ्यांनी वाइन पाजली. नाही कसं म्हणणार?

११ ऑगस्ट
होणारा जावई तुल्लियो म्हणाला, बाबा, मदत करू? पोरगा गुणी, पण शाळेत बासरी शिकवतो. म्हटलं, हात लावू नकोस, नाजूक काम आहे. बिचाऱ्याने लगेच हात खिशात घातले. काम जवळजवळ संपलंय. इंजिनचं तेवढं राहिलंय.

६ सप्टेंबर
सुचलं! आमचं घर टेकडीच्या माथ्यावर, चर्च पायथ्याशी. उताराला इंजिन लागतंय कशाला? ब्रेक पुरे. ते अंगणात तपासले, लागतात. दिवसभर पॉलिश केलं. काय दिसतेय गाडी!

१३ सप्टेंबर, संध्याकाळ
हँडब्रेक सोडला, निघालो. अर्ध्या उतारावर लाविनिया म्हणाली, पप्पा, इंजिनचा आवाज येत नाहीये. म्हटलं, ट्यूनिंगच तसं केलंय. ती समोर बघत राहिली.

चर्चच्या दारात टाळ्या. ग्वाल्तिएरोने चक्क टोपी काढली. माझी छाती ही एवढी फुगली.

लग्न लागल्यावर नवरा-नवरी त्याच गाडीतून भोंगा वाजवत जेवणाला जातात, हे साफ विसरलो होतो. मागे खडखडायला रिकामे डबेसुद्धा बांधून तयार. तुल्लियोने चावी फिरवली. कट्ट. पुन्हा कट्ट. कुणीतरी ओरडलं, अरे बासरीवाल्या, फुंकर मार! सगळा चौक खो खो हसला. पोरगा लालबुंद. माझ्याजवळ आला. म्हणाला, बाबा, माफ करा, तुमची गाडी बिघडवली मी.

खरं सांगायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते: जाऊ दे रे, होतं असं.

लाविनिया शेजारीच उभी होती. वरात पायी गेली.

१४ सप्टेंबर
गाडी ट्रॅक्टरने ओढून वर गॅरेजमध्ये आणली. लाज वाटतेय. जेवण जात नाही. पण हनिमूनला निघालेल्या माणसाचा मूड कशाला घालवा? आल्यावर सांगीन.

२८ सप्टेंबर
आले. तुल्लियो सकाळीच पाने-पकडी घेऊन गॅरेजमध्ये शिरला, गाडी दुरुस्त करून देतो म्हणाला. लाविनिया स्वयंपाकघरात मला म्हणाली, पप्पा, मी त्याला काही सांगितलेलं नाही. तुम्ही सांगाल म्हणून थांबलेय.

गेलो. तो गाडीखाली होता, नुसते पाय दिसत होते. पायांनाच सगळं सांगितलं. तोंडाकडे बघून जमलं नसतं. पान्याची खटखट थांबली. मग खालूनच विचारलं, सगळे हसत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?

हो म्हटलं.

बाहेर आला, हात पुसले, पाने नीट गोळा केले. दारात थांबून म्हणाला, येतो, सिन्योर उबाल्दो.

कालपर्यंत बाबा म्हणायचा.