खोलीवर आणलेलं चिकन

प्रिय आई,
जयभीम.

बाबाच्या गुडघ्याचं कसं आहे? मी पुण्यात बरी आहे. फोन केला असता तर माह्या आवाजावरून तुले समजलं असतं, म्हणून लिहून राह्यली.

पहिला पगार झाला, म्हणून रविवारी मी दुकानातून तळलेल्या चिकनचा डबा खोलीवर आणला. सोबतची रीता आपल्या मानोऱ्याकडचीच. दोघींनी लय खुशीत खाल्लं.

सकाळी घरमालकीण काकू कचऱ्यातला तो पुठ्ठ्याचा डबा घेऊन वर आल्या. सगळ्या पोरींले उभं केलं.

"माझ्या घरात हे कुणी खाल्लं?"

खोली घेताना मी 'चिकन-मटण खात नाई' म्हटलं होतं. तुले ते सांगितलं नव्हतं.

"मी आणलं, काकू."

"तुझ्या नावावरूनच मला शंका होती, धम्मदीपा."

तितक्यात रीता म्हणाली, "मीबी खाल्लं, काकू. माह्या नावावरून नाई आली का शंका?"

संध्याकाळी आमी दोघी सामान घेऊन बाहेर. काळजी करू नको, रीताच्या मावशीकडं चार दिवस राह्यलो.

काल नवीन खोली पाहिली. मालक काही विचारायच्या आधी मीच म्हटलं, "काका, आमी चिकन-मटण खातो. चालत नसन तर आताच सांगा." ते आत बायकोले विचाराले गेले. आमी दारात उभ्या. रीतानं माहा हात घट्ट धरला होता.

ते किल्ली घेऊनच बाहेर आले.

बाबाले फक्त खोली बदलली एवढंच सांग.

तुयी,
धम्मदीपा