ढोल म्हणे रक्तातच असतो

तीर्थरूप मर्झूकमामांना गाबेसहून भाचा फरजानीचे अनेक सलाम.

तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि ती दुष्ट शेळी, तिघांची प्रकृती कशी आहे? आम्ही इथे ठीक आहोत, म्हणजे कारखान्याचा धूर जेवढं ठीक राहू देतो तेवढे. (अंगणातल्या डाळिंबाने यंदा फळ धरायचा नाद सोडला.)

मध्यंतरी मला युनियनच्या कचेरीतून बोलावणं आलं. मी पडलो कंत्राटी वेल्डर, त्या दारात आमची चप्पलसुद्धा बिचकते. पण कंत्राट महिनाअखेर संपतंय आणि आम्हाला कायम करण्याची मागणी त्यांच्याकडे कधीची धूळ खात पडली आहे, म्हणून मी मोठ्या आशेने लग्नातला कोट चढवून गेलो. सेक्रेटरी सी मोंजी यांनी चक्क उठून मला मिठी मारली. तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेवीस जानेवारीला, आपल्या देशात गुलामी रद्द झाल्याच्या दिवशी, युनियन सामाजिक न्याय आणि आपला वारसा साजरा करणार होती. आमच्या खात्यात काळा माणूस मी एकटा, तेव्हा ढोल मी वाजवायचा असं कमिटीने एकमताने ठरवलं होतं. (कमिटीचं एकमत झालेलं मी प्रथमच ऐकलं.)

मला ढोल येत नाही, असं मी सांगून पाहिलं. सी मोंजी हसले. "अरे, लाजतोस काय? तुमच्या रक्तातच असतो तो!" आता रक्ताचं त्यांना काय सांगणार? लहानपणी तुम्हीच मला ढोलापुढे बसवलंत, थोडा वेळ ऐकलंत, आणि आईला म्हणालात, "याला शाळेत घाल. याच्या हातात ठेका नाही." आपल्या खानदानात ढोल न येणारा मी पहिलाच, आणि आईने त्या आनंदात गल्लीभर खजूर वाटले. लोकांच्या लग्नात वाजवून शेवटच्या पंगतीला बसण्यातून एक तरी सुटला, असं तिला वाटलं.

तर वाजवलं, मामा. पत्र्यावर हातोडा मारावा तसं वाजवलं. तुम्ही असतात तर उठून गेला असतात. लोक मात्र नाचले, हिशेबनिसांनी तर डोळे पुसले. मग सी मोंजींनी गुलामी कशी कायमची गेली यावर लांबलचक भाषण केलं. ते खाली उतरल्यावर मी हळूच विचारलं, की आमच्या कायम होण्याचं काय झालं? तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फरजानी, आजच्या दिवशी तरी कामाचं काढू नकोस रे!"

जेवायला मासळीचा कुसकुस होता. वाजवणाऱ्याचं ताट शेवटी हा जुना रिवाज, आणि वारसाच साजरा करायचा म्हटल्यावर तोही पाळला गेला. माझ्या वाट्याला शेपटी आणि मिरची आली, ती मी कोट सांभाळत उभ्याने खाल्ली. मला फार वाईट वाटलं, मामा. कुणी मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. पुन्हा ढोलाच्या कातड्याला हात लावला तर तुमचं नाव सांगणार नाही, अशी शपथ घेऊनच घरी आलो.

तुमचा बेसूर भाचा,
फरजानी

ता.क. ढोल भाड्याचा होता. फुटला.

पुन्हा ता.क. काल कंत्राटदाराने निम्मी माणसं काढली. माझ्यापेक्षा किती तरी चांगला वेल्डर असलेला लुतफी घरी बसला. मला ठेवलं. सी मोंजींनी खास शब्द टाकला म्हणे : पुढे महिला दिन आहे, मग मे दिन आहे, ढोलवाला हातचा जाता कामा नये.

आणि एवढंच राहिलं. शुक्रवारी येतो. तुमचा जुना ढोल काढून ठेवा आणि मला पहिल्यापासून शिकवा. हात तेच आहेत, तुम्हाला त्रास होईल. आईला मात्र यातलं काही बोलू नका. ती अजून गल्लीत सांगत असते, माझा मुलगा वेल्डर आहे.