गंध लावलेला स्क्रू

नाही हो मामंजी, बल्ब गेला नव्हता. फ्यूजही गेला नव्हता. आणि माझ्यामुळे तर तेव्हा मुळीच गेले नव्हते तुमच्या गाडीचे दिवे. थांबा, सगळं सांगते. आज तुम्हाला घाई कसली? भिंतीवर टांगलंय तुम्हाला, गळ्यात हार आहे, खाकरून उठून आत जायची सोय नाही. जन्मभर तुम्ही बोललात आणि मी दाराआडून ऐकलं. आज जरा उलट होऊ दे.

उद्या तुमची तिथी. ओरत्तनाडूहून तुमची लेक येणार, चेन्नईहून माझा नातू येणार, गल्लीतली चार मराठी घरं जेवायला येणार. जेवणं होऊन विडे पुढे आले की हा कागद मी सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचणार आहे. नातवाला ही अक्षरं वाचता येत नाहीत, पण कान आहेत ना त्याला. अक्षरं तुमचीच बरं का. गावच्या शाळेत मी आठवीपर्यंत शिकले ते सगळं तमिळमध्ये. लग्न होऊन आले तेव्हा बाळबोधचं एक अक्षर येत नव्हतं. तुम्ही हेडमास्तर. तुम्हाला ते कसं चालावं? पाटी आणलीत, रस्त्याकडच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, मला समोर बसवलंत आणि ग म भ न गिरवून घेतलंत. "सरस्वती महालाच्या ग्रंथालयात पोथी समोर आली तर निदान तिचं नाव तरी वाचता आलं पाहिजे आमच्या सुनेला," म्हणाला होतात. पोथी काही समोर आली नाही. पण तुमची तक्रार लिहायला अक्षरं बरी उपयोगी पडली.

तर झालं असं. गाडी पुढच्या आठवड्यात तपासणीला न्यायची आहे. जुनी गाडी ना, सगळं चालतंय की नाही ते बघतात, मगच कागद पुढे वाढवून देतात. परवा बाजारातून येताना मागच्या रिक्षावाल्यानं ओरडून सांगितलं, "अम्मा, मागे अंधार आहे!" घरी येऊन बघते तर खरंच, दोन्ही लाल दिवे बंद. नातवाला फोन केला. म्हणाला, "आज्जी, भंगारात दे ना आता." मी म्हटलं, "आधी तुला देते." मग वायरिंगवाल्या अण्णांकडे गेले. तेच, तुमच्या गाडीचं काम करायचे ते. आता ऐंशीच्या घरात आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापतात. म्हणाले, "मला दिसत नाही अम्मा. मी तिण्णैवर बसतो, तू हात चालव, मी तोंड चालवतो." म्हटलं, माझ्या सासऱ्यांसारखंच की. हसले.

तुमच्या सीटवर कोण बसतं ते विचारलं नाहीत ना अजून? मी बसते. हे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी गाडी शिकले. शिकवणारा पोरगा रोज देवाचं नाव घ्यायचा, पण शिकले. तुमच्या सीटवर दोन उशा टाकते, पदर खोचते, आणि तुम्ही हळूच वाजवायचात तो हॉर्न मी सारखा वाजवते. बाहेरचं बसायचं वय गेलं एवढंच वाईट वाटतं. नाहीतर मुद्दाम त्याच चार दिवसांत गाडी काढून गावाच्या चारी राजवीथींतून फिरवली असती.

अण्णांनी आधी काच काढायला लावली. बल्ब काढून उजेडात धरला. आतली तार शाबूत. "फ्यूज बघ." फ्यूज चांगला. मग त्यांनी पिशवीतून एक छोटा बल्ब काढला, त्याला दोन वायरी लांब सोडलेल्या. "गाडीचे दिवे चालू कर. आता याचं एक टोक बंपरच्या नटाला लाव, दुसरं होल्डरच्या आत, मधोमध." लावलं. पेटला की हो! मी ओरडलेच. "म्हणजे करंट येतोय. आता बंपरचं टोक सोड आणि होल्डरच्या कडेला लाव." लावलं. काही नाही. दुसऱ्या बाजूचा दिवा उघडून तिथंही तसंच केलं. तिथंही काही नाही. अण्णा म्हणाले, "करंट दिव्याच्या घरात येतो अम्मा, पण परत जायला वाट नाही. वाट त्या स्क्रूतून असते. स्क्रूनं दिवा गाडीच्या पत्र्याला धरलेला असतो, तिथूनच करंट परत फिरतो. स्क्रू बघ कसा आहे."

स्क्रू कुठे दिसतोय? डोक्यावर हा एवढा पिवळा-तांबडा गड्डा. आधी वाटलं, गंजच आहे. साडीची पिन काढून खरवडलं तर वास आला. हळदीचा. खाली गंध, गंधाखाली कुंकू, कुंकवाखाली पुन्हा हळद. कितीतरी खंडेनवम्यांच्या आयुधपूजा एकावर एक बसलेल्या. मामंजी, तुमचं ते गाडीचं न्हाणं आठवलं. पंचा नेसून, उघडे, पाण्याच्या घागरीवर घागरी. देवाला तांब्याभर पाणी आणि गाडीला अर्धी विहीर. मग चाकाखाली लिंबं, पुढे केळीचे खुंट. आणि मग तुमचं सगळ्यांत आवडतं काम. प्रत्येक स्क्रूला गंध, त्यावर कुंकू. हेडमास्तरांचं काम, एकही स्क्रू गैरहजर राहता कामा नये. ओलं गंध स्क्रूच्या कडेनं आत उतरायचं. कुंकवात चुना असतो, लिंबाचा आंबटपणा असतो, हे माझ्या आईला ठाऊक होतं, ती घरीच करायची. लोखंडाला तो खातो. तुम्हाला कोण सांगणार?

आता माझं पहिलं वर्ष आठवा. आयुधपूजेच्या सकाळीच मी बाहेरची झाले. मागच्या पडवीत चटई घालून बसले. तुम्ही सगळे दुपारी गाडीनं ओरत्तनाडूला गेलात. परत येताना दिवे लागायच्या वेळेला पोलिसानं अडवलं. मागचे दिवे नाहीत, हेडमास्तर असून कळत नाही का, असं चार लोकांत बोलला तुम्हाला. घरी आलात ते तडक पडवीत.

"काय ग, गाडीला शिवलीस?"

"नाही, मामंजी."

"खरं सांग."

"शेडकडे गेलेसुद्धा नाही."

"मग काल लागत होते ते दिवे आज कसे गेले? आयुधपूजेच्या दिवशी? शिवलीस तू. नाहीतर तुझी सावली पडली."

सासूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या, नवी आहे." तुम्ही म्हणालात, "नवी आहे म्हणूनच आत्ता सांगायचं. आजपासून ही गाडीत बसणार नाही. चार दिवसच नाही, कधीच नाही. हिचे दिवस काय पंचांगात छापून येतात?" हे तिथंच उभे. तुमचा मुलगा, खांबाला टेकून, पायाच्या अंगठ्याकडे बघत. अंगठा काही बोलला नाही, हेही नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीवर गोमूत्र शिंपडलंत. पुन्हा पाणी! आणि पाचव्या दिवशी मी न्हाऊन आत आले तर तिण्णैवर पाटी तयार. विचारायचं होतं, विटाळ गाडीला होतो, पाटीला होत नाही का? नाही विचारलं. गिरवत बसले.

हे सगळं अण्णांना सांगितलं. हसत हसत सांगितलं, कारण आता मला हसूच येत होतं. वाटलं, बिचाऱ्या मामंजींना माहीत नव्हतं, करंट म्हणजे काय, अर्थिंग म्हणजे काय, इतिहास शिकवणारा माणूस. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "सारना, तुझ्या सासऱ्यांना, माहीत होतं, अम्मा."

"काय माहीत होतं?"

"पूजेच्या दुसऱ्या दिवशी मीच आलो होतो. दुपारची वेळ, तुम्ही सगळे झोपलेले. स्क्रू काढून दाखवला. म्हटलं, सार, या दोन स्क्रूंना चंदन लावू नका, दिव्याची वाट बंद होते. ते म्हणाले, पूजा तर करायलाच हवी. तू दर वर्षी पूजेच्या दुसऱ्या दिवशी ये, पुसून जा. दुपारी ये. घरात बोलू नकोस."

"दर वर्षी?"

"सार होते तोवर दर वर्षी. फिल्टर कापीसुद्धा स्वतः आणून द्यायचे."

स्क्रू घासायला घेतलेला पॉलिश पेपर मी खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी, मामंजी! मी अजून पडवीत चटईवर बसले होते तेव्हा तुम्हाला कळलं होतं. वर्गातल्या पोरांना चुकलेलं उत्तर सगळ्यांसमोर फळ्यावर पुसायला लावायचात तुम्ही. स्वतःचं चुकलं तेव्हा दुपारी, चोरून, दुसऱ्याच्या हातानं पुसून घेतलंत. आणि माझ्या नावावर तो डाग तसाच ठेवलात. तुमची लेक अजून म्हणते, "वहिनीचं गाडीशी काही जमत नाही ग." उद्या ऐकू दे तिला. अण्णांनाही जेवायला बोलावलंय. साक्षीदार लागतो ना.

वर आणखी एक मजा सांगते, ही मात्र माझ्यावरच आहे. तुम्ही गेल्यावर हे गंध लावायचे आणि हे गेल्यावर मी. तुम्ही लावायचात म्हणून. प्रत्येक स्क्रूला. पुसायला कुणी येत नव्हतं. आत्ताचे दिवे गेले ते माझ्याच बोटानं. अण्णांनी हे ऐकलं आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. स्क्रू घासले, पत्रा घासला, चकाकेपर्यंत. थोडं व्हॅसलीन लावलं. गाडी शेडच्या भिंतीला पाठ करून उभी होती. दिवे लावले तर चुन्याच्या भिंतीवर दोन लाल चांदण्या. अण्णांना तेवढं दिसलं. "लागले," म्हणाले.

लागले ते बरं झालं. पण मला दुसरंच आठवत होतं. ते उद्या सगळ्यांनी ऐकायला हवं. माझ्या आईची दुपार. लग्नाला तीन वर्षं झाली होती. पापनाशमच्या पलीकडच्या आमच्या गावाहून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, आईचं काही खरं नाही, लगेच निघ. हे कचेरीत, सासूबाई लेकीकडे. गाडी अंगणात उभी, धुतलेली, पुसलेली. आणि मी बसस्टँडवर. एक बस भरलेली गेली. दुसरी मिळाली ती प्रत्येक थांब्यावर उभी राहात. पापनाशमला उतरले तर गावाकडची बस नाही, चालत निघाले. गाडीनं तासाचा रस्ता, मला चार तास लागले. माझी वहिनी दारात. म्हणाली, "आत्ताच ग, अर्ध्या तासापूर्वी. शेवटपर्यंत दाराकडे बघत होत्या." आईला न्हाऊ घालायला घेतलं होतं. तिचे केस ओले होते.

हे मी किती जणांना सांगितलं असेल! अंगणात गाडी होती आणि मी बसनं गेले, असं. लग्नकार्यात, बारशाला, विहिरीवर. मुद्दाम तुम्हाला ऐकू जाईल असं सांगायची. तुम्ही मान खाली घालून ताकभात कालवत राहायचात. एकदाही तोंड उघडलं नाहीत. लोक हळहळायचे, तुमच्याकडे बघायचे आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. तुम्ही असेपर्यंत मी त्या गाडीत पाय टाकला नाही, नंतर तुम्ही स्वतः "बस" म्हणालात तरी नाही. तुमच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात डबा घेऊन रोज चालत आले, उन्हातून, लोकांना दिसेल अशी.

आत्ता उद्याचा सराव म्हणून सगळं मोठ्यांदा वाचून बघितलं. तुमचा आवाज मस्त जमतो मला, "हिचे दिवस काय पंचांगात" तर हुबेहूब. आसपास कुणी नव्हतं म्हणून बरं. पण बसस्टँडपाशी आले आणि पुढे वाचवेना. दोनदा पाणी प्यायले. अण्णांना साक्षीदार म्हणून बोलावलंय खरं, पण आईच्या त्या दुपारचा साक्षीदार कुणी नाही. तुम्ही होता आणि मी होते. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, लेकीलाही नाही.

उद्या मी हा कागद वाचणार नाही, मामंजी. त्या दुपारी तुम्ही गाडी काढली होतीत. अंगात सदरा नाही, तसेच, मागचं दार उघडून धरून उभे. "चल, बस, मी सोडतो," म्हणालात. मी म्हटलं, "नको, तुमची गाडी बाटेल." कोपऱ्यापर्यंत तुम्ही माझ्यामागून हळूहळू गाडी आणलीत. आईपर्यंत वेळेत पोचले असते. मीच बसले नाही.